पप्पांना आलेलं वचन

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक जानेवारीच्या सकाळी उपासना संपली की पितळी ताट फिरतं. ताटात छोटी कार्डं पालथी घातलेली असतात, प्रत्येकावर शास्त्रातलं एकेक वचन छापलेलं. डोळे मिटायचे, मनात प्रार्थना करायची आणि एक कार्ड उचलायचं. जे हाती येईल ते त्या वर्षाचं तुमचं वचन. देवाने ते तुमच्यासाठीच राखून ठेवलेलं असतं, अशी समजूत. ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना हमखास पोपटवाला ज्योतिषी आठवतो. आमच्या पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं तर ते आठवडाभर उपास धरतील. पण साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे पोपट नाही एवढंच.

मनासारखं वचन आलं नाही तर काही बाया कार्ड गुपचूप परत ठेवून दुसरं उचलतात, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा माझेही डोळे मिटलेले असायला हवे होते म्हणा, पण प्रार्थनेत माझे डोळे कधीच पूर्ण मिटत नाहीत. मला वर्षानुवर्षं धीर धरण्याबद्दलचीच वचनं येतात. माझा स्वभाव पाहता देवाला विनोदबुद्धी आहे असं म्हणायला जागा आहे.

पप्पांनी मात्र कधी कार्ड बदललं नाही. जे येईल ते घरी आणायचे, प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजवर चिकटवायचे आणि वर्षभर त्याप्रमाणे वागायचे. एका वर्षी त्यांना पाहुणचाराचं वचन आलं, तर धायरीच्या आमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर कुरिअरवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, कुणीही चहाशिवाय खाली उतरला नाही. आईची चहा-साखर संपत होती आणि पप्पा देवाचं काम करत होते.

त्या वर्षी, म्हणजे सगळं बंद पडायच्या आधीच्या जानेवारीत, पप्पांच्या हाती जे कार्ड आलं त्याचा आशय असा होता की, तुझ्या घराजवळ मरी फिरकणार नाही. मरी, म्हणजे साथीचा रोग. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आई म्हणाली, डेंग्यूचं असेल, आपल्या गल्लीत डबकी फार आहेत. मग मार्च आला, सिंहगड रस्ता एका दिवसात ओस पडला, आणि एका सकाळी दूध तापवताना पप्पांची नजर फ्रिजवर गेली. त्यांनी मला कर्वेनगरला फोन केला.  "बेटा, त्याला आधीच माहीत होतं," ते म्हणाले.

इथे पप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, नगरकडच्या खेड्यातून आलेले, अत्यंत भिडस्त गृहस्थ होते. आमच्या मंडळीत साक्ष देण्याला फार मान आहे. रविवारी उभं राहायचं आणि देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्याहून मोठा मान, दुसऱ्या कुणाला प्रभूजवळ आणलं तर. पप्पांना यातलं काहीच जमलं नव्हतं. प्रभूबद्दलच्या पत्रिका वाटायला तरुणांबरोबर गेले की त्या पिशवीत तशाच घडी घालून परत आणायचे. लोकांना उगीच त्रास कशाला, म्हणायचे. इतर वडील मंडळी आपण किती जणांना प्रभूजवळ आणलं ते बोटांवर मोजत, तेव्हा पप्पा चपला नीट लावत बसत. याचं त्यांना दुःख होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

त्या वचनाने हा माणूस बदलला. मंडळीची उपासना मोबाईलवर सुरू झाली तेव्हा पहिल्याच रविवारी पप्पांनी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि बोलले. न अडखळता बोलले. पाळकसाहेबांना भरून आलं. मग दर रविवारी पप्पांची साक्ष ठरून गेली. त्या पहिल्या वर्षात आमच्या मंडळीत फारसं कुणी आजारी पडलं नाही, आणि ज्यांना झालं ते बरे झाले. लोक पप्पांना फोन करून प्रार्थना मागू लागले. ज्या माणसाला स्नेहभोजनात पंगतीच्या शेवटी बसायची सवय, त्याला एकाएकी सगळे विचारू लागले. मला आनंद झाला होता, हे कबूल करते. थोडी भीतीही वाटली होती, पण वडील इतके खुश असताना कोण बोलणार?

पुढच्या जानेवारीला ताट फिरवणं शक्यच नव्हतं. तेव्हा पाळकसाहेबांनी एक युक्ती काढली. त्यांनी पप्पांच्या त्या कार्डाचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की या वर्षी हेच सगळ्यांचं वचन. झालं. आता ते एका माणसाचं राहिलं नाही. सगळ्या मंडळीची मदार पप्पांच्या फ्रिजवर आली. हे काम पाळकसाहेबांनी फार विचार न करता केलं असणार, पण त्यांना मी आजवर माफ केलेलं नाही.

आता दूधवाल्या मावशींबद्दल. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी मावशींच्या सासऱ्यांची. जमीन विकून त्यांनी शेजारीच दुमजली बंगला बांधला, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या, मुलाने गाडी घेतली. पण मावशींनी दोन म्हशी काही सोडल्या नाहीत. बंगल्याच्या मागे पत्र्याचा गोठा आहे, आणि आमच्या सोसायटीतल्या लोकांना त्या गोठ्याचा वास येतो म्हणून तक्रार करायला आणि त्याच गोठ्याचं दूध घ्यायला काहीच अडचण वाटत नाही. टाळेबंदीत मावशी फाटकाशी कॅन घेऊन उभ्या राहत, लोक लांबून भांडं पुढे करत.

टाळेबंदीच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात मावशींची सख्खी बहीण गावाकडे साथीत गेली. त्यांना जाता आलं नाही. फाटकाशी उभ्या राहून त्या रडत होत्या आणि लोक आपापली भांडी उचलून निघून जात होते. पप्पा गेले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" मावशी म्हणाल्या, "करा की दादा. कोण करतंय दुसरं." पप्पांनी तिथेच, तोंडावर पांढरा रुमाल बांधून, फाटकाच्या अलीकडून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवसापासून दूध वाटून झालं की मावशी त्यांना फोन करू लागल्या. रोज सकाळी दोघं फोनवर प्रार्थना करत, आधी पप्पा, मग मावशी. फ्रिजवरचं वचनही पप्पांनी त्यांना वाचून दाखवलं. मावशींनी देव्हारा काढला नाही, पप्पांनी काढा म्हटलं नाही. पण त्या आमच्या प्रभूचं नाव घेऊ लागल्या, आणि पप्पा ते मला सांगताना लहान मुलासारखे हसत.

दुसरी लाट आली तेव्हा पप्पांच्या वयाच्या लोकांना लस सुरू झालेली होती. मी रोज फोनवर मागे लागत होते. "घेतो, घेतो" म्हणत राहिले. एकदा मी चिडून म्हटलं, "पप्पा, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघता ना? मग वचनावर विश्वास ठेवून डोळे मिटून का नाही जात?"  मग म्हणाले, "बेटा, मी सुई घेतली तर लोक काय म्हणतील? ह्यांनाच खात्री नाही म्हणतील."

लोक. आमच्या घरात देवाचं नाव जितक्या वेळा घेतलं गेलं असेल तितक्याच वेळा लोकांचंही.

मग त्यांना ताप आला. कुणालाही येत होता तसा आला. घराघरांत लोक झोपले होते, त्यात शरमेसारखं काही नव्हतं. पण पप्पांना शरम वाटली. सगळ्या मंडळीला ज्याच्या घराचं वचन दिलं आहे, त्याच्याच घरी मरी आली तर वचन खोटं ठरणार, आणि वचन खोटं म्हणजे देव खोटा. म्हणून त्यांनी तपासणी केली नाही, डॉक्टरला फोन केला नाही आणि मला कळू दिलं नाही. आईला त्यांनी गप्प राहायला सांगितलं. आईने चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांचं ऐकलं होतं, तेव्हाही ऐकलं. मी फोन केला की "झोपलेत", "अंघोळीला गेलेत", "खाली गेलेत". खाली जायला बंदी होती, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी यायला हवं होतं, पण कॉलेजचे ऑनलाईन वर्ग, माझ्या घरात दोन आजारी माणसं, माझं डोकं जागेवर नव्हतं.

त्या रविवारीही त्यांनी साक्ष दिली. मी त्या दिवशी जोडलेली नव्हते. मंडळीने जपून ठेवलेलं चित्रण नंतर पाहिलं. एप्रिल महिना, पुण्यातला ऐन उन्हाळा, आणि पप्पा स्वेटर घालून बसले आहेत. कपाळावर घाम आहे. बोलताना मध्येच थांबून पाणी पितात, आणि पाणी पिण्याआधी माईक बंद करतात. देवाने आजवर माझं घर राखलं, असं ते सांगतात. सगळ्या छोट्या चौकटींतून मंडळी हात जोडून ऐकते आहे. त्यात माझी मावसबहीण आहे, ती परिचारिका आहे. एकाही माणसाने विचारलं नाही की काका, स्वेटर का घातलाय? मी ते चित्रण एकदाच पाहिलं आणि पुन्हा उघडण्याची माझी हिंमत नाही.

शेवटी आईचाच धीर सुटला. "लवकर ये, बोलताना मध्येच थांबतायत," म्हणाली. मी पोचले तेव्हा त्यांचे ओठ निळसर झाले होते. बोटाला यंत्र लावलं आणि त्यातला आकडा बघून मी लगेच रुग्णालयांना फोन लावायला घेतले. पप्पा म्हणाले, "साधा ताप आहे गं. मंडळीत बोलू नको." पुढचे काही तास बेड शोधण्यात गेले. त्या दिवसांत पुण्यात ज्यांनी बेड शोधला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी शोधला नाही त्यांना सांगून कळणार नाही. मिळाला. उशिरा मिळाला. तिथल्या डॉक्टर पोरीने विचारलं, "इतके दिवस घरी का ठेवलंत?" 

आत नेल्यावर एकदाच फोनवर बोलणं झालं. त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. "दूधवाल्या बाईंना कळव, काही दिवस प्रार्थनेला फोन जमणार नाही. का विचारलं तर नेट नाही म्हण," एवढं बोलले. माझ्या वडिलांनी मला सांगितलेलं शेवटचं वाक्य हे आहे. त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते गेले.

दफनभूमीत मी, माझा नवरा आणि पांढरे झगे घातलेली महापालिकेची माणसं होतो. आई तेव्हा घरात एकटी, तिलाही लागण झालेली. पाळकसाहेब आले नाहीत. त्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांनी यायला नको होतं, हे मला समजतं. पण ज्या माणसाने ते वचन सगळ्यांना वाटलं, त्याला त्या दिवशी फाटकापर्यंत यायलाही ते पुरलं नाही, हेही मला समजतं. त्यांनी फोनवरून दफनविधी केला. मी स्पीकर लावला आणि फोन खड्ड्यावर धरला. आवाज तुटत होता. पुनरुत्थानाच्या आशेपाशी नेमकी रेंज गेली. झगेवाल्यांपैकी एकाने हळूच विचारलं, "मॅडम, झालं का? मागे अजून दोन आहेत." मी झालं म्हटलं.

घरी येऊन फोन बघते तर मंडळीच्या ग्रुपवर संदेश आलेला. आपले प्रिय बंधू हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने प्रभूमध्ये झोपी गेले. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते अतिशय मऊ आवाजात बोलले. "ताई, शेवटी हृदयच थांबलं ना? त्यात असत्य काय आहे?" मी म्हटलं, "त्या न्यायाने ट्रकखाली आलेला माणूससुद्धा हृदय थांबूनच मरतो." ते म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांची साक्ष टिकली पाहिजे. किती लोक त्यांच्यामुळे उभे आहेत. नव्याने विश्वासात आलेले दुर्बल असतात, त्यांना अडखळण होऊ नये." अडखळण हा आमचा खास शब्द आहे. कुणी प्रश्न विचारला की तो बाकीच्यांना अडखळण होतो. मी फोन ठेवला.

मला वाटलं होतं, आई तरी माझ्या बाजूने असेल. आई बरी झाल्यावर मोबाईलवरच स्मरणाची उपासना झाली, आणि तिथे आईने पांढरी साडी नेसून, कॅमेऱ्याकडे बघत, त्यांना छातीत कळ आली आणि प्रभूने त्यांना अलगद उचलून नेलं, असं सांगितलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. अलगद! मी त्यांना जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवलं होतं, प्रत्येक मजल्यावर थांबत, आणि ते तोंड उघडून हवा ओढत होते. मी उठून आत गेले. त्या दिवसापासून मी प्रार्थना केली नाही. देव नाही असं काही मला वाटलं नव्हतं. तसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं. तो आहे आणि त्याने हे सगळं बघितलं, याचाच मला राग होता.

मी काही दिवस आईकडेच राहिले. दूध रोज येत होतं, पण ते मावशींची सून आणून द्यायची. एका सकाळी तिने मला फाटकाशी गाठलं. तिचा चेहरा तापलेला होता. "ताई, आमच्या सासूबाई लस घ्यायला तयार न्हाईत. शुगर हाय त्यांना. आम्ही सगळ्यांनी घेतली. शेजारचे चार लोक गेले, तरी ऐकत न्हाईत. तुमच्याच घरच्यांनी काय ते वचन-बिचन डोक्यात भरवलंय. आता तुम्हीच काढा."

तिचं काय चुकलं होतं? मला सरळ दिसलं. पप्पा हृदयविकाराने गेले, म्हणजे वचन शाबूत. वचन शाबूत, म्हणजे लस कशाला? एका सभ्य खोट्यापायी आता दुसरी बाई मरणार होती.

मी वर जाऊन आईला म्हटलं, "तू मावशींना खरं काय ते सांग. तुझं ऐकतील."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही सांगणार."

"आई, त्या मरतील."

"तुझ्या पप्पांनी अख्ख्या आयुष्यात एक माणूस प्रभूजवळ आणलं," आई म्हणाली. "एकच. तेही घालवतेस?" आणि मग ती रडायला लागली. तिचं चूक होतं आणि तिचं दुःख खरं होतं. त्या घरात त्या दिवसांत सगळ्यांचं असंच होतं. मी चप्पल घातली आणि खाली गेले.

मावशी गोठ्यात म्हशीला पेंड घालत होत्या. मला बघून हात पदराला पुसले आणि पायरीवर बसल्या. तोंडावरचा पदर मात्र काढला नाही. चेहरा पार उतरला होता त्यांचा. मी मनाशी जुळवून आणलेलं सगळं एका दमात बोलले. "मावशी, पप्पांचं हृदय वगैरे काही नव्हतं. त्यांना कोरोनाच झाला होता. त्यांनी लपवलं. घरात पडून राहिले, म्हणून गेले. आईने तुम्हाला सांगितलं ते खरं नाही. तुम्ही त्या वचनावर राहू नका. लस घ्या."

मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्या म्हशीकडे बघत राहिल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"रोज फोनवर परार्थना करायचे ना. दोन शब्द बोलले की खोकायचे. म्या म्हणलं, दादा, डाक्तरला दाखवा. तर म्हणले, बाई, कुणाला सांगू नका. माझ्या देवाचं नाव खराब हुईल. म्या न्हाई सांगितलं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तुझ्या आईला न्हाई, माझ्या सुनंला न्हाई. तुझा नंबर हुता माझ्याकडं. दादांनीच दिलता, अडीनडीला आसू द्या म्हणून. रोज हातात घ्यायची मी मोबाईल आन् परत ठिवायची."

 मंडळीत ज्यांना जन्मापासून सगळं शिकवलं त्यांतल्या कुणी पप्पांचं इतकं ऐकलं नव्हतं. वर्षभरापूर्वी ज्यांना आमच्या प्रभूचं नाव धड घेता येत नव्हतं, त्यांनी त्याच्या नावासाठी तोंड बंद ठेवलं, आणि माझे वडील गेले. माझ्या डोळ्यांसमोर तो स्वेटर आला. त्या क्षणी मला त्या बाईचा इतका संताप आला की मी हात मागे घेऊन उभी राहिले.

"मग लस का नाही घेत?" मी विचारलं. माझा आवाज चांगला चढला होता.

"ते गेले माझ्या गप बसण्यानं. आन् म्या सुई टोचून जगायचं व्हय?" मग मान वर करून त्यांनी मला सरळ विचारलं, "माझं चुकलं का गं?"

कितीतरी दिवस मी एकाच गोष्टीसाठी भांडत होते, की कुणीतरी खरं बोला. आता खरं बोलायची पाळी माझी होती, आणि खरं बोललं तर ही बाई पायरीवरून उठणार नव्हती. नाही हो मावशी, तुमचं काय चुकलं, देवाची इच्छा, असं म्हणणं किती सोपं होतं. ती वाक्यं मला पाठ होती. महिनाभर लोक मला तीच वाक्यं ऐकवत होते, आणि प्रत्येक वेळी मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता.

"हो," मी म्हटलं. "चुकलं. तुमचं चुकलं, आईचं चुकलं, पाळकांचं चुकलं. सगळ्यात जास्त पप्पांचं चुकलं. पण तुम्ही मेल्याने यातलं काही दुरुस्त होत नाही. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येते. केंद्रावर जायचं."

मावशींनी मान वळवली. म्हशीने शेपटी आपटली, पेंडीचं घमेलं रिकामं झालं. मला वाटलं, घालवलं. पप्पांचं ते एकच माणूस मी घालवलं, आई म्हणाली तसंच झालं.

"आधी परार्थना कर," त्या म्हणाल्या. "दादा कुठंबी जायाचं तर आधी करायचे. तू केलीस तर येते."

"मला येत नाही."

"त्यांची लेक ना तू?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हात मांडीवर ठेवले, अगदी पप्पा बसायचे तसे. त्यांनीच शिकवलं असणार. पण कसं, हे मला कळेना, कारण शिकवलं ते सगळं फोनवर.

मी उभीच होते. गोठ्याच्या पत्र्याखाली उकडत होतं. मावशी काही डोळे उघडायला तयार नव्हत्या. मला अंग भाजून काढणारा राग आला होता, आणि शेवटी मी त्या रागानेच सुरुवात केली. "प्रभू," मी म्हटलं, "मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. ही बाई बोलायला लावते आहे. माझे वडील तुझं नाव सांभाळत बसले आणि तू त्यांना सांभाळलं नाहीस. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की तुझं नाव सांभाळायला तू समर्थ आहेस. तू सांगायला हवं होतंस. तू गप्प बसलास, जसे आम्ही सगळे बसलो. हे मी विसरणार नाही. या बाईंना वाचव. पप्पांना वाचवायचं राहिलं, निदान यांना वाचव. आमेन."

मी रडत होते, ते आमेन म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. मावशींनी डोळे उघडले. पदराने तोंड पुसलं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"तुझ्या बापाला असली परार्थना आवडली नसती," त्या म्हणाल्या, आणि आधार कार्ड शोधायला आत गेल्या.